प्रवासात ऐकलेलं गाणं : परिसर अभ्यासाचा एक पाठ



सहलीहून आल्यावर आपण सगळेच मुलांना ‘आमची सहल’ हा निबंध देतो. मीही दरवर्षी देते. गेल्या काही वर्षांच्या वह्या एकदा निवांत चाळून बघितल्या. गाडीत कोण कोणाशेजारी बसलं, डब्यात काय होतं, कुठे फोटो काढले, किती वाजता परत आलो, हे सगळं होतं. पण तिथे काय ऐकलं, हे एकाही वहीत नव्हतं. जणू आम्ही सगळे कानात बोटं घालून फिरून आलो!

दोष मुलांचा नाही. आपणच त्यांना ‘काय काय पाहिलं?’ असं विचारतो. ‘काय ऐकलं?’ असं विचारतच नाही. म्हणून यंदा मी इयत्ता चौथीच्या वर्गासाठी ‘प्रवासात ऐकलेलं गाणं’ असा एक छोटा उपक्रम घेतला. तो कसा घेतला, त्यात माझ्याकडून काय चुकलं आणि एका मुलाने मला काय शिकवलं, ते इथे मांडते.

पोहरादेवीची परिसर भेट

आपल्या वाशिम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यात पोहरादेवी आहे. संत सेवालाल महाराजांची समाधी इथे आहे, त्यामुळे बंजारा समाजाचं हे मोठं श्रद्धास्थान. रामनवमीच्या यात्रेला इथे दूरदूरच्या राज्यांतून लोक येतात. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी इथल्या बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. त्या इमारतीचा आकारच नगाऱ्यासारखा आहे. (मराठीत आपण नगारा म्हणतो, बंजारा बोलीत नंगारा.) पूर्वी हा समाज बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून देशभर व्यापार करायचा. त्याला लदेणी म्हणत. चालत्या समाजाने आपला इतिहास गाण्यांतून सांभाळला आणि त्या गाण्यांना साथ नंगाऱ्याची आणि काशाच्या थाळीची.

डिसेंबरात आम्ही तिथे गेलो. आमच्या नशिबाने एक म्हातारे गृहस्थ नंगारा वाजवत होते, दुसरे थाळी. दोन-तीन बाया गात होत्या. मुलं एकदम गप्प झाली. मी काय केलं? पटकन मोबाईल काढला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. चांगली दहा-बारा मिनिटं मी नंगारा ऐकलाच नाही. हात हलू नये आणि चौकटीत सगळे यावेत, एवढंच बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी वर्गात ते रेकॉर्डिंग लावलं. आवाज असा येत होता, की कोणी रिकामा डबा बडवतंय. मुलं हसायला लागली. तेवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला, “मॅडम, हा नंगारा नाही. नंगारा पोटात वाजते.”

बोलणारा मुलगा तांड्यावरून येणारा. त्याच्या घरी गोरमाटी बोलतात. माझ्या नोंदवहीत त्याच्या नावापुढे मी जूनपासून दोनदा लिहिलं होतं, ‘वर्गात बोलत नाही. वाचन-लेखनात मदत आवश्यक.’ सहा महिन्यांत त्याने मला उत्तर म्हणून दिलेलं हे पहिलं पूर्ण वाक्य होतं. आणि ते बरोबर होतं. मोठ्या चर्मवाद्याचा खालचा, घुमणारा नाद मोबाईलच्या बोटभर स्पीकरमधून बाहेरच येत नाही. तो नाद जवळ उभं राहिलं, तर छातीत आणि पोटात जाणवतो. विज्ञानाच्या पुस्तकातला ‘कंपन’ हा शब्द त्याने पोटाने शिकला होता.

मग मी चूक केली

मला वाटलं, मुलगा बोलता झाला! त्याला होळीची लेंगी गीतं येतात, हे इतर मुलांकडून कळलं. मी लगेच २६ जानेवारीच्या कार्यक्रमात त्याचं नाव टाकलं. सगळ्या गावासमोर तो माईकपुढे उभा राहिला आणि त्याच्या तोंडून शब्द फुटेना. दोन मिनिटं तसाच उभा होता. मुलं खिदळली. त्यानंतर आठ दिवस तो शाळेत आला नाही.

मी तांड्यावर त्याच्या घरी गेले. आजोबा दारात बसले होते. रागावले नाहीत. म्हणाले, “मॅडम, लेंगी एकट्यानं म्हणाची नसते. अन् माघ महिन्यात कोनी लेंगी म्हनते का? तुमी होळीले या.”

हे वाक्य माझ्या डीएडच्या कोणत्याच पुस्तकात नव्हतं. गाण्याला स्वतःची जागा असते, वेळ असते, सोबतीची माणसं असतात. मी ते गाणं त्याच्या जागेवरून उपटून माईकसमोर आणलं होतं. ऐकायचं असेल, तर मीच तिथे जायला हवं होतं.

होळीची पहाट

होळीला गेले. त्या तांड्यावर होळी संध्याकाळी नाही, पहाटे पेटवतात. पहाटेच्या गारव्याने डफाचं कातडं सैल पडतं, आवाज बसतो. म्हणून आजोबा मधून मधून डफ होळीच्या धगीपाशी धरत, बोटाने टिचकी मारून बघत आणि पुन्हा वाजवायला लागत. पुरुष घोळक्याने फेर धरून लेंगी म्हणत होते. एकजण ओळ टाकायचा, बाकीचे ती उचलायचे. वर्षभरात ज्या घरी मुलगा जन्मला, त्या घरी धुंड नावाचा विधी असतो, तिथेही लेंगी झाली.

मला भाषा कळत नव्हती. तेव्हा आमचा हा न बोलणारा विद्यार्थी माझ्या बाजूला येऊन उभा राहिला आणि एकेक ओळ मराठीत सांगायला लागला. मध्येच अडला की आजीला विचारून यायचा. “मॅडम, याचं मराठी बरोबर होत नाही, पण असं असं हाये.” चौथीतला मुलगा मला भाषांतरातली अडचण समजावत होता! त्याला चाळीसेक ओळी तरी पाठ होत्या. माझ्या वर्गात त्याला चार ओळींची कविता पाठ होत नाही, अशी माझी तक्रार होती.

त्या दिवशी मोबाईल मी पर्समध्येच ठेवला. म्हणूनच असेल कदाचित, त्या पहाटेतलं मला जवळजवळ सगळं आठवतं.

प्रत्यक्ष ऐकण्याने काय होतं?

रेकॉर्डिंग वाईट असं मला म्हणायचं नाही. ते वाट दाखवतं. पंडित भीमसेन जोशी लहान असताना उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची ध्वनिमुद्रिका ऐकून भारावून गेले. पण तबकडीवर त्यांचं समाधान झालं नाही. १९३३ मध्ये, अकरा वर्षांचे असताना, ते गुरूच्या शोधात घर सोडून निघाले, रेल्वेत गाणी म्हणत ग्वाल्हेरपर्यंत पोहोचले. पुढे सवाई गंधर्वांकडे शिकले आणि १९५३ पासून गुरूंच्या स्मरणार्थ पुण्यात संगीत महोत्सव सुरू केला. आजही तो महोत्सव ऐकायला लोक गावोगावहून प्रवास करून जातात. (मुलांना ही गोष्ट सांगताना घर सोडण्याचा भाग जपून सांगा, बरं का!)

प्रत्यक्ष ऐकताना मुलांना तीन गोष्टी मिळतात. एक, नाद अंगाला जाणवतो. दोन, वाजवणाऱ्याचे हात, घाम, एकमेकांना केलेली नजरेची खूण दिसते, म्हणजे यामागे कष्ट आहेत हे कळतं. तीन, ऐकणारे आणि गाणारे यांच्यातलं नातं दिसतं. ही तिसरी गोष्ट स्क्रीनवर फारशी सापडत नाही.

उपक्रम कसा घ्यावा?

जाण्यापूर्वी (एक तासिका)

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात वाद्यांचे चार प्रकार सांगितले आहेत. ते ओळखीच्या वाद्यांवरून शिकवा.

१. तत म्हणजे तारेचं : वीणा, एकतारी
२. सुषिर म्हणजे फुंकून वाजवायचं : बासरी, सनई
३. अवनद्ध म्हणजे कातडं मढवलेलं : नंगारा, डफ, मृदंग, खंजिरी
४. घन म्हणजे धातूचं किंवा लाकडाचं ठोस : टाळ, थाळी, चिपळ्या

एक सोपा प्रयोगही घ्या. रिकाम्या डब्याच्या तोंडावर फुगा कापून घट्ट ताणून बसवा, वर थोडी मोहरी टाका आणि जवळ जोरात आवाज करा. मोहरी नाचायला लागते. ‘आवाज म्हणजे कंपन’ हे मुलं विसरत नाहीत.

तिथे गेल्यावर

पहिली दहा मिनिटं मोबाईल खिशात, शिक्षकांचाही! मुलांना एकच काम द्या : एक वाद्य निवडायचं आणि शेवटपर्यंत त्याच्याच मागे कान ठेवायचा. गाणं मध्येच सोडून उठायचं नाही. संपल्यावर कलावंताला नमस्कार करून एक प्रश्न विचारायचा. उदाहरणार्थ, मृदंगाच्या डाव्या बाजूला ओली कणीक का लावतात? (त्याने तो आवाज भारदस्त आणि खालचा होतो.) चित्रीकरण करायचं असेल, तर आधी विचारून. आणि कलावंत पोटासाठी गात असेल, तर मुलांच्या हाताने बिदागी द्यावी. भीक आणि बिदागी यांतला फरक मुलांना तिथेच कळतो.

परत आल्यावर

निबंधाऐवजी हे चार प्रश्न द्या. काय ऐकलं? अंगात कुठे जाणवलं? कोणती एक गोष्ट कळली नाही? ती कोणाला विचारशील? ज्याला लिहिता येत नाही, त्याने तोंडी सांगावं किंवा ताल टेबलावर वाजवून दाखवावा. चौथ्या प्रश्नामुळे माझ्या वर्गातली तेरा मुलं घरी आजी-आजोबांकडे गेली. कुणी जात्यावरची ओवी आणली, कुणी भुलाबाईची गाणी आणली.

आपल्या आसपास कुठे ऐकाल?

पालकहो, यासाठी मोठा खर्च लागत नाही. शेगावहून पंढरपूरला निघालेली श्री गजानन महाराजांची पालखी आपल्याच जिल्ह्यातून मालेगाव, शिरपूर, रिसोड अशी जाते. शेकडो टाळ एका ठेक्यात कसे पडतात, हे रस्त्याच्या कडेला उभं राहून ऐका. तेव्हा शाळेला बहुधा सुट्टी असते, म्हणून हे काम घरच्यांचं.

जरा लांब जायचं असेल, तर अमरावती जिल्ह्यात गुरुकुंज मोझरी आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९ ते १९६८) खंजिरीवर भजनं गाऊन गावं जागी केली. त्यांच्या पुण्यतिथी महोत्सवात मौन श्रद्धांजलीचा कार्यक्रम असतो. दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी अफाट जनसमुदाय एकदम शांत होतो. दिवसभर भजनं ऐकल्यावर आलेली ती शांतता मुलांना जरूर अनुभवू द्या. शांततासुद्धा ऐकायची गोष्ट आहे, हे सांगावं लागत नाही.

लग्नाला, देवाला, मामाच्या गावाला आपण जातोच. वाटेत कुठे भजन, भारूड, दंडार, वासुदेव दिसला, तर दहा मिनिटं थांबा. एसटी एखादी चुकली, तर दुसरी मिळते.

मूल्यमापनाबद्दल एक विनंती

या उपक्रमाला गायनाचे गुण देऊ नका. आणि मी केली ती चूक करू नका. ज्या मुलाच्या घरात कला आहे, त्याला लगेच मंचावर उभं करून दाखवायची वस्तू बनवू नका. आधी त्याच्या गावाला, तांड्याला, पाड्याला ऐकायला जा. त्याला वाटलं, तर तो गाईल.

आमच्या त्या विद्यार्थ्याने वर्गात अजूनही लेंगी म्हटलेली नाही. मी म्हण म्हणतही नाही. मराठीचं वाचन अजून अडखळतंच, त्यावर आमचं काम सुरू आहे. पण आता तो हात वर करतो. गोरमाटीतला शब्द आधी सांगतो, मग आम्ही दोघं मिळून मराठी शब्द शोधतो. वार्षिक नोंदी लिहिताना ‘वर्गात बोलत नाही’ ही ओळ मी खोडली. तिच्या जागी लिहिलं : ‘दोन भाषा बोलतो. उत्तम श्रोता. डफ तापवून का वाजवतात, हे वर्गाला समजावून सांगितले.’

खरं तर सहा महिने न ऐकणारी मीच होते.

येत्या सहलीत तुमच्या वर्गाने काय ऐकलं, ते नक्की कळवा. आणि तुमच्या नोंदवहीत ‘बोलत नाही’ असा शेरा असलेलं एखादं मूल असेल, तर त्याच्या घरी कोणतं गाणं म्हणतात, एवढं एकदा विचारून बघा.