कुंपणातले डुक्कर

आमचे कोहमारा हमरस्त्यावरचे गाव. भोवती धानाच्या बांध्या. पलीकडे नवेगाव-नागझिऱ्याचे जंगल. मोकाट डुकरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. ती धान उकरतात. गाडीखाली येतात. मग भांडणे होतात. लोक म्हणतात, "डुक्कर घाणेरडे जनावर!"

पण मंडळी, घाण कोण करतो? उघड्यावर बसणारा माणूस!

फितीसारखा एक लांब जंत असतो. त्याला पट्टकृमी म्हणतात. तो माणसाच्या पोटात राहतो. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. मोकाट डुक्कर ती विष्ठा खाते. त्याच्या मांसात जंताच्या गाठी होतात. ते मांस कच्चे राहिले, की जंत पुन्हा माणसाच्या पोटात जातो. तीच अंडी न धुतलेल्या हातातून, भाजीतून आपल्या पोटात गेली, तर मेंदूत गाठी होतात. माणसाला झटके येतात. मांस न खाणाऱ्यालाही येतात. अशा वेळी अंगारा लावत बसू नये. रोग्याला दवाखान्यात न्यावे.

म्हणून दोन गोष्टी कराव्या. घरच्या साऱ्यांनी शौचालयात जावे. आणि डुक्कर कुंपणात पाळावे.

कुरणाचे चार भाग करावे. डुक्कर नाकाने जमीन उकरते आणि कुंपणाखालून निसटते. म्हणून खालची तार जमिनीलगत ताणावी. एक भाग चरून झाला, की कळप दुसऱ्या भागात न्यावा. पहिल्याला विसावा द्यावा. तिथे गवत पुन्हा फुटते. एकाच जागी डुकरे ठेवली तर चिखल होतो, जंत वाढतात. रात्री कळप गोठ्यात बंद करावा, नाही तर बिबट्या यायचा!

डुक्कर म्हणजे गाय नव्हे. नुसत्या गवतावर ते वाढत नाही. त्याला तांदळाची कणी, कोंडा आणि ढेप द्यावी. लसूणघास असल्यास उत्तम. डुकराला घाम फारसा येत नाही. आमच्याकडच्या उन्हाळ्यात त्याला झाडाची सावली, पाणी आणि लोळायला ओली जागा हवीच.

मादी ११४ दिवसांनी विते. म्हणजे तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस. हा हिशेब पाठ करावा. तिला एका वेताला आठ-दहा पिल्ले होतात. पिल्ले दोन महिन्यांनी तोडावी.

डुकरांना स्वाइन फीवर नावाचा ताप येतो. त्याची लस गुरांच्या डॉक्टरांकडून टोचून घ्यावी. दुसरा आफ्रिकन स्वाइन फीवर. तो २०२० साली आसामात आला. पुढे इतर राज्यांत पसरला. तो माणसाला होत नाही. पण डुकरांचा सारा कळप मारतो. त्यावर औषध नाही. म्हणून हॉटेलातले उष्टे उकळल्याशिवाय घालू नये. नवे जनावर महिनाभर वेगळे बांधावे. रानडुकराला कळपाजवळ येऊ देऊ नये. एकदम डुकरे मरू लागली, तर मांस विकू नये. लगेच डॉक्टरांना कळवावे.

डुक्कर आपण देऊ तसे खाते. आपण स्वच्छ राहिलो तर तेही स्वच्छ राहील आणि चार पैसे देईल.

सांगा पाहू: मांस न खाणाऱ्यालाही झटके का येतात?