द्रवरूप प्राणवायू आणि अप्रमाद

21 एप्रिल 2021 रोजी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात द्रवरूप प्राणवायूच्या टाकीला गळती लागली. पुरवठा खंडित होऊन किमान 22 रुग्णांचे प्राण गेले.

प्राणवायू उणे 183 अंश सेल्सिअसला द्रवरूप होतो. एका लिटर द्रवापासून सुमारे 860 लिटर वायू मिळतो. म्हणूनच तो टँकरने दूरवर नेता येतो. मात्र द्रवाच्या स्पर्शाने त्वचा भाजल्यासारखी जखमी होते, बंद पात्रात दाब वाढून स्फोट संभवतो आणि प्राणवायू भिनलेले कापड ठिणगीने भडकते. म्हणून सैल हातमोजे, डोळ्यांना संरक्षण, खेळती हवा आणि तेल व आगीपासून अंतर आवश्यक ठरते.

झडपांची नियमित तपासणी आणि पर्यायी पुरवठ्याची सिद्धता ही इतरांच्या श्वासाची जबाबदारी आहे. तथागतांनी अखेरच्या उपदेशात सांगितलेला अप्रमाद, अर्थात अखंड जागरूकता, येथे आचरणात येते.