अंगणात पंधरा माणसं, पण चेहरे कुठे गेले?

प्रश्न : मे महिन्यात भाचीच्या लग्नासाठी घनसावंगी तालुक्यातल्या आमच्या गावी सगळं घर जमलं होतं. भरदुपारी, चांगल्या उजेडात, अंगणात पंधरा जणांचा फोटो मोबाइलवर काढला. तरी डोळ्यांच्या जागी काळे खड्डे, कडेला उभ्या आत्या दीडपट रुंद आणि आजोबांचे डोळे मिटलेले! मी नुकताच शिकतो आहे. मोठा कॅमेरा घ्यावा का?

उत्तर : आधी आत्याबाईंना निरोप द्या, की दोष त्यांचा नाही. मोबाइलचाही फारसा नाही.

घोळ आहे तो ‘भरदुपारी, चांगल्या उजेडात’ या समजुतीत. ऊन जितकं कडक तितका फोटो स्वच्छ, असं बहुतेकांना वाटतं. पण तुमच्या जालना जिल्ह्यात मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास दुपारी साडेबाराला सूर्य अगदी डोक्यावर असतो. उभ्या काठीची सावलीसुद्धा पायाशी गडप होते. असं वरून पडणारं ऊन कपाळ आणि नाकाचा शेंडा उजळतं, भुवयांची सावली मात्र थेट डोळ्यांवर पाडते. तेच तुमचे काळे खड्डे.

त्यात लग्नघर. पांढरी धोतरं, पांढऱ्या टोप्या, मागे चुन्याची भिंत. एवढा पांढरा रंग दिसला की कॅमेरा उजेड फार झाला असं समजून सगळंच चित्र मंद करतो आणि चेहरे आणखी काळवंडतात. पडद्यावर एखाद्या चेहऱ्यावर बोट टेकवा, शेजारी सूर्याची खूण येईल ती थोडी वर सरकवा. चेहरे उजळतील.

मग उभं कुठे राहायचं? ओसरीच्या सावलीत, पण कडेशी, अंगणाकडे तोंड करून. तिथे डोक्यावर छप्पर असतं आणि अंगणातला मऊ उजेड समोरून येतो. झाडाखाली जाण्याचा मोह आवरा. कडुलिंबाखाली चेहऱ्यांवर कवडसे पडतात, आणि मोसंबीच्या बागेत त्यात हिरवट झाक मिसळते, मग नवरी आजारी दिसते. ओसरी नसेल तर सूर्यास्ताआधीचा तास उत्तम.

आता आत्याबाई. सगळे मावावेत म्हणून तुम्ही बहुधा 0.5 चं बटण दाबलं असणार. या रुंद भिंगात मधली माणसं ठीक येतात, कडेची बाहेरच्या बाजूला ताणली जातात. कलत्या उन्हात गोल घागरीची सावली जमिनीवर लांबट पडते ना, तसाच प्रकार. उपाय फुकट आहे : सात-आठ पावलं मागे जा, 1 किंवा 2 वर या आणि दोन्ही कडांना रिकामी जागा सोडा.

मिटलेल्या डोळ्यांचं गणित ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी खरोखरच मांडलं आणि त्यांना 2006 साली इग नोबेल हे गमतीदार पारितोषिकही मिळालं. माणूस मिनिटाला साधारण दहा-वीस वेळा पापणी मिटतो, म्हणजे एका फोटोत सगळ्यांचे डोळे उघडे सापडणं हा नशिबाचा खेळ. त्यांचा ठोकताळा असा : वीसपेक्षा कमी माणसं असतील तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला तीनाने भागा, कमी उजेडात दोनाने, आणि तितके फोटो काढा. पंधरा जणांना पाच, ओसरीत उजेड कमी असेल तर आठ. आजोबांना ‘डोळे उघडे ठेवा’ म्हणून दटावू नका. ताणून धरलेली पापणी हमखास नको त्या क्षणी मिटते.

मोठा कॅमेरा वाईट नाही, पण तो नवी अडचण आणतो. मागचं धूसर करणारं भिंग हौसेने पूर्ण उघडं ठेवलंत, तर पुढची रांग लख्ख येते आणि मागचे काका धुक्यात जातात. दोन रांगांसाठी भिंगाचं तोंड लहान करून एफ 8 या आकड्याच्या आसपास ठेवावं लागतं, म्हणजे उजेड पुन्हा जास्त हवा. पणजोबांच्या काळचे स्टुडिओवाले काचेच्या छपराखाली पडदे सरकवून तोच उजेड हाताळत. बाकी सगळं नंतर. वर्षभर मोबाइलवरच उजेड ओळखायला शिका, मग पैसे घाला.

आणखी एक. फोटोत पंधरा माणसं आहेत, पण घरात तुम्ही धरून सोळा होतात. पुढच्या वेळी मोबाइल खुर्चीवर नीट टेकवा, दहा सेकंदांचा टायमर लावा आणि पळत जाऊन आत्याबाईंशेजारी उभे राहा.