इतिहास संशोधक मंडळ आणि घरातील जुना कागद

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात राजे, लढाया आणि तह यांची हकीकत असते. आपल्या गावाचे किंवा पेठेचे नाव तीत क्वचितच आढळते. त्यामुळे इतिहास म्हणजे दूर कोठेतरी थोरामोठ्यांच्या बाबतीत घडलेली गोष्ट, असा पुष्कळ विद्यार्थ्यांचा समज होतो. हा समज दूर करण्याचे कार्य ज्या संस्थांनी केले, त्यांपैकी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाची ओळख आमच्या वाचकांस करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे आणि सरदार खंडेराव मेहेंदळे यांनी हे मंडळ ७ जुलै १९१० रोजी स्थापन केले. त्यापूर्वी बारा वर्षे, म्हणजे १८९८ साली, राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला होता. पुढे या मालेचे एकंदर २२ खंड निघाले. ही साधने त्यांना आयती मिळाली नव्हती. गावोगाव हिंडून, लोकांच्या विनवण्या करून, जुन्या घराण्यांच्या दप्तरांतून त्यांनी ती मिळविली. ज्या कागदांना घरचे लोक रद्दी समजत होते, त्यांतूनच पानिपतच्या मोहिमेवर नवा प्रकाश पडला. राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळे येथे निवर्तले. त्यांचे कार्य पुढे चालावे म्हणून तेथेही त्यांच्या नावाने संशोधन मंडळ निघाले.

पुण्याच्या मंडळाचा व्याप मोठा आहे. त्याच्या संग्रही लक्षावधी मोडी कागद, हजारो हस्तलिखित पोथ्या, फारसी पत्रे, नाणी, ताम्रपट आणि जुनी चित्रे आहेत. ग्रंथालय, संग्रहालय, संशोधनपर त्रैमासिक, विद्वानांची व्याख्याने आणि मोडी लिपीचे वर्ग या मार्गांनी मंडळाने हे धन लोकांपुढे मांडले. दत्तो वामन पोतदार आणि ग. ह. खरे यांच्यासारख्या विद्वानांनी आपले आयुष्य या कामी वेचले.

मोडी लिपी शिकण्याची आवश्यकता काय, असे कोणी विचारील. पेशवाईतील पत्रव्यवहार, गावचे हिशेब, वतनाचे निवाडे हे बहुतेक मोडीत लिहिलेले आहेत. लेखकाने प्रथम आडवी रेघ ओढावी आणि मग हात न उचलता तिच्याखाली अक्षरे गुंफीत जावे, अशी ही भरभर लिहिण्याची लिपी होय. तीत ऱ्हस्व-दीर्घाचा कटाक्ष नसतो आणि दोन शब्दांमध्ये जागाही सोडलेली नसते. छपाईने बाळबोध लिपी स्वीकारली, शाळांतून मोडीचे शिक्षण गेले आणि पणजोबांनी लिहिलेले पत्र पणतवास वाचता येईनासे झाले. २०१४ साली संगणकाच्या युनिकोड या सर्वमान्य अक्षरसंचात मोडीस स्थान मिळाले. परंतु यंत्रात अक्षरे आली म्हणून वाचणारे आपोआप निर्माण होत नाहीत.

अक्षर लागल्यावर दुसरी अडचण येते ती कालगणनेची. जुन्या कागदांवर शालिवाहन शक किंवा सुहूर सन असतो. सुहूर सनाचे आकडे अरबी शब्दांनी लिहिलेले असतात. एक उदाहरण सोडवून पाहू. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, बेरीज ११६१. हे वर्ष मृग नक्षत्राच्या सुमारास सुरू होई. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेसाठी त्यात ५९९ मिळवावे, जानेवारीपासून पुढील मृगापर्यंत ६०० मिळवावे. पानिपतची लढाई जानेवारी महिन्यातील. ११६१ अधिक ६०० म्हणजे १७६१. आता शकाने ताळा पाहू. त्या दिवशी पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२ होते. जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंत शकात ७९ मिळवावे लागतात. बेरीज तीच, १७६१. दोन वाटांनी एकाच ठिकाणी पोहोचलो, म्हणजे आपली वाट चुकली नाही.

असा ताळा पाहण्याची सवय हीच संशोधनाची खरी शिकवण होय. कागद जुना आहे एवढ्यावरून तो खरा ठरत नाही. वतनाच्या भांडणांत बनावट कागदही पुढे केले जात. तो कोणी लिहिला, कोणत्या हेतूने लिहिला, तो अस्सल आहे की नक्कल, हे विचारले पाहिजे. सभासदाने आपली बखर शिवछत्रपतींच्या १६८० मधील निधनानंतर वीस वर्षांच्या आत लिहिली. चिटणिसांची बखर शतकाहून अधिक काळाने झाली. दोघांची साक्ष एकाच मोलाने घेता येणार नाही. आपल्या घराण्याची थोरवी सांगणाऱ्या कथेसही हाच नियम लावावा. तसे करण्यास मनाचा धीटपणा लागतो.

आमच्या विद्यार्थ्यांस पुण्यास जाणे सर्वदा शक्य होईल असे नाही. पण गावाच्या वेशीपर्यंत जाणे सर्वांस शक्य आहे. तेथे शेंदूर फासलेला एखादा वीरगळ उभा असेल. त्याच्या खालच्या भागात वीराचे युद्ध व मरण, मध्ये अप्सरा त्यास स्वर्गास नेत आहेत आणि वर तो शिवलिंगाची पूजा करीत आहे, असा देखावा पुष्कळदा आढळतो. माथ्यावरील चंद्रसूर्य त्याची कीर्ती चिरकाल टिको असे सुचवितात. अशा कितीतरी शिळा आज धुणे धुण्यास अथवा पायरीस लावलेल्या दिसतात. अलिबागनजीक आक्षी येथील शके ९३४ चा, म्हणजे इ. स. १०१२ चा म्हणून प्रसिद्ध असलेला मराठी लेखही दीर्घकाळ रस्त्याच्या कडेला उघड्यावर उभा होता.

म्हणून पालकांस आमची विनंती आहे की, घराची झाडलोट करताना जुने रुमाल व पेट्या रद्दीवाल्यास देण्यापूर्वी एकदा जाणत्या माणसास दाखवाव्यात. फाटलेल्या कागदास चिकटपट्टी लावू नये. तो कोरड्या, स्वच्छ सुती कापडात बांधावा व वाळवीपासून जपावा. अस्सल कागद हातावेगळा करावयाचा नसल्यास त्याचे छायाचित्र संशोधकांस द्यावे.

विद्यार्थ्यांनी येत्या सुटीत एक वही करावी. गावातील विहीर, वेस, देऊळ, मशीद, चर्च, स्मशानातील लेख यांची नोंद करावी. लेखावर खडू किंवा रंग लावू नये. आजीआजोबांस गावच्या पटकीच्या, दुष्काळाच्या, पुराच्या आठवणी विचाराव्यात आणि सांगणाऱ्याचे नाव व दिवस खाली लिहावा. ऐकलेले व स्वतः पाहिलेले वेगळे ठेवावे. कागद उद्या वाचता येईल, पण तो आज राहिला तर. आणि सांगणारी वृद्ध माणसे तर कागदाइतकीही थांबत नाहीत.