सूप व्हेज आहे का, एवढंच विचारू नका

चाकण एमआयडीसीत जपानी माणसाचं आता कुणाला नवल राहिलेलं नाही. ब्रिजस्टोनसारखी बडी कंपनी इथे आहेच, पण खराबवाडी-महाळुंग्याच्या आमच्यासारख्या सप्लायरांच्या शेडमध्येही ऑडिटला जपानी पाहुणे येतात. ऑडिट झालं की रात्रीचं जेवण, आणि ते ठरवणं ॲडमिनवाल्याच्या, म्हणजे माझ्या गळ्यात. पूर्वी हायवेवर पनीर टिक्का खाऊ घातला की काम व्हायचं. आता पुणे-पिंपरीत बरी जपानी रेस्तराँ झाली आहेत, त्यामुळे साहेबांनी फर्मान काढलं, "यावेळी त्यांना त्यांच्या चवीचं खाऊ घालू."

साहेब स्वतः माळकरी. आळंदीकडचे, कार्तिकीला रजा ठरलेली. फोनवर टेबल बुक करतानाच मी सांगितलं होतं, की आमच्यात शाकाहारी आहेत. "नो प्रॉब्लेम सर, भरपूर व्हेज आहे."

आधी सूप आलं. झाकणाच्या काळ्या वाटीत मिसो सूप, वर टोफूचे चौकोनी तुकडे आणि कांद्याची पात. साहेबांनी वेटरला विचारलं, "मासा-बिसा नाही ना रे?" "नाही सर, प्युअर व्हेज." अर्धी वाटी संपली तेव्हा समोरच्या पाहुण्यांनी दुभाषी मुलीला हळूच काहीतरी विचारलं. ती घुटमळली. मग म्हणाली, "साहेब, ते विचारताहेत, तुम्हाला माशाचं पाणी चालतं का?"

साहेबांनी वाटी बाजूला सरकवली आणि आवाज न चढवता पाणी मागवलं. पुढचा सगळा वेळ ते काकडीची सुशी आणि साध्या भातावर होते. पाहुणे बिचारे आमच्याहून ओशाळले. शेफला बाहेर बोलावलं, तर तो म्हणाला, "सर, सूपमध्ये मासा नाहीच. फक्त दाशी आहे."

सगळी मेख या दाशीत आहे. जपानी स्वयंपाकातलं बहुतेक सगळं रसदार या पाण्यात शिजतं. बोनिटो नावाचा मासा उकडून, धुरावर धरून, लाकडासारखा टणक होईपर्यंत वाळवतात. मग रंधा बसवलेल्या पेटीवर घासून त्याचे कागदासारखे पातळ पापुद्रे काढतात आणि ते गरम पाण्यात घालून गाळून घेतात. आपल्या सुकटीचाच हा चुलतभाऊ, पण वाटीत तुकडा दिसत नाही आणि आपल्याला ओळखू येईल असा वासही फारसा येत नाही. बऱ्याच स्वयंपाकघरांत तर तयार भुकटीच वापरतात. मिसो म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, त्यात वावगं काही नाही. अडचण त्याच्याखालच्या पाण्याची.

म्हणून "व्हेज आहे का" विचारून भागत नाही. "दाशी कशाची आहे" हे विचारा, आणि तेही आदल्या दिवशी, फोनवर, वेटरला नाही तर शेफला. कोम्बू नावाच्या समुद्री शेवाळाची आणि वाळवलेल्या शिताके मशरूमची दाशी होते आणि ती उत्तम लागते. 1908 साली तोक्योच्या किकुनाए इकेदा या प्राध्यापकांनी कोम्बूच्याच पाण्यातून त्यातली खास चव वेगळी काढली. आपल्या चायनीजच्या गाडीवरचं अजिनोमोटो म्हणजे तीच चव. पण ही दाशी वेगळी करावी लागते. ऐन वेळी टेबलावर बसून मागितली, तर "हो सर" एवढंच मिळण्याची शक्यता जास्त.

फक्त सूपवर थांबू नका. भाज्यांचा टेम्पुरा व्हेज असतो, पण शेजारच्या वाटीतल्या सॉसमध्ये दाशी असते. आणि तळणीचं तेल कोळंबी तळलेलंच आहे का, तेही विचारा. तळलेला आगेदाशी टोफू येतोच मुळी दाशीत बसून. सोबा-उदोन नूडल्सचं पाणी तेच. रामेनला तर बहुधा डुकराच्या हाडांचं. थंड टोफूवर तपकिरी पापुद्रे किंवा ओकोनोमियाकी या धिरड्यावर ते वाफेने हलताना दिसले, तर ते कोथिंबिरीसारखं सजावटीचं काही नव्हे, तोच मासा आहे. बिनधास्त मागवावं असं म्हणजे एदामामे (मीठ लावलेल्या सोयाबीनच्या शेंगा), काकडीची सुशी आणि साधा भात. शेफ जपानी असेल तर 'शोजिन' हा शब्द वापरून पाहा. तिथल्या बौद्ध मठांतलं हे जेवण मांस-मासळीविनाच नाही, तर कांदा-लसणाविनाही असतं. साहेबांना हे कळलं तेव्हा जपानबद्दलचं त्यांचं मत बरंच सुधारलं.

रीतिभातींचा बाऊ करू नका. पाहुणे समजून घेतात. मात्र भातात चॉपस्टिक उभ्या खोचू नका आणि एका चॉपस्टिकवरून दुसऱ्याच्या चॉपस्टिकवर घास देऊ नका. पहिलं मयताच्या भातासारखं दिसतं, दुसरं अस्थी वेचण्यासारखं. बैठक खाली असेल तर बूट काढावे लागतात, तेव्हा त्या दिवशी मोजे धड घाला.

वेळेचंही बघा. पाहुणे साडेसातला म्हणजे साडेसातलाच येतात, आणि चाकणचा तळेगाव चौक कुणाचंच ऐकत नाही. यजमानांनी आधी निघावं.

राहिला पैशांचा प्रश्न. मेन्यूत भावाऐवजी 'बाजारभावानुसार' लिहिलेलं असलं, किंवा ओमाकासे, म्हणजे शेफ देईल ते खायचं, असं ठरलं, तर माणशी आकडा आधी वदवून घ्या. जीएसटी साध्या रेस्तराँत 5 टक्के असतो, महागड्या हॉटेलातल्या रेस्तराँत 18. सर्व्हिस चार्ज सक्तीने लावता येत नाही, हे दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये उचलून धरलं आहे. नको असेल तर काढायला सांगा. बँकॉक-सिंगापूरला ट्रेनिंगला जाणाऱ्यांनी मात्र हा हिशेब तिथे लावू नये. तिथे भावापुढे दोन अधिक चिन्हं असली, की सर्व्हिस चार्ज आणि कर वेगळे द्यावे लागतात. बँकॉकला साधारण 10 आणि 7 टक्के, सिंगापूरला 10 आणि 9.

पुढच्या ऑडिटच्या वेळी मी शेफलाच फोन लावला. "कोम्बूची दाशी करतो," तो म्हणाला, "पण दोन दिवस आधी सांगा, कोम्बू मागवावा लागतो."