पदवीचा विद्यार्थी आणि दुर्बीण

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ हे ज्योतिर्लिंगाचे स्थान म्हणून सर्वपरिचित आहे. त्याच तालुक्यातील दुधाळा परिसरात गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्याच्या सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या प्रकल्पास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. या वेधशाळेस ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असतील, लेसर किरण असतील; डोळा लावण्याची नेत्रिका मात्र नसेल. तेव्हा येथील विद्यार्थ्यांना दुर्बिणीचे काय काम, असे कोणास वाटणे शक्य आहे. वस्तुस्थिती उलट आहे. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाच्या लहरी टिपल्या गेल्या, त्यांवरून आकाशाचा केवळ एक भाग निश्चित झाला. नेमके ठिकाण सुमारे ११ तासांनी चिलीतील १ मीटर व्यासाच्या दुर्बिणीने दाखविले.

असे वेध घेण्याचा हात पदवीच्या वर्षांतच बसावा लागतो. वर्षातून एकदा रांगेने चंद्र दाखविणे म्हणजे शिक्षण नव्हे. १५ सेंटिमीटर व्यासाची साधी दुर्बीणही पुरेशी आहे. विद्यार्थ्याने ती स्वतः रोखावी आणि गुरू ग्रह दिसत असेल त्या दिवसांत दोन-तीन आठवडे रोज ठरलेल्या वेळी त्याच्या चार मोठ्या चंद्रांची आकृती वहीत काढावी. गुरूचा व्यास हे माप धरल्यास आयो जास्तीत जास्त सुमारे ३ व्यास, तर गॅनिमीड सुमारे साडेसात व्यास दूर गेलेला आढळतो. गॅनिमीडची फेरी ७ दिवस ४ तासांची. आयोची १ दिवस साडेअठरा तासांची असल्याने त्यासाठी एकाच रात्री दोन-तीन नोंदी घ्याव्यात. अंतराचा घन भागिले कालावधीचा वर्ग, हे गुणोत्तर दोहोंसाठी जवळजवळ सारखेच येते. केप्लरचा नियम असा स्वतःच्या वहीतून निघाला की तो पाठ करावा लागत नाही. ढगांमुळे एखादी रात्र हुकली तर ती जागा कोरीच ठेवावी. अंदाजाने भरू नये.

पुण्याच्या सायन्स कॉलेजात १८८८ मध्ये प्रा. कावसजी दादाभाई नेगामवाला यांनी महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा सुरू केली. २० इंची आरशाची तिची दुर्बीण त्या काळी देशात सर्वांत मोठी होती. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. यास्तव महाविद्यालयाने दुर्बीण घेण्यापूर्वीच किमान दोन अध्यापक व एक प्रयोगशाळा सहायक तयार करावेत. ग्रामपंचायतींनाही यात वाटा आहे. ऑक्टोबर ते मार्च या निरभ्र महिन्यांत वेधाच्या जागेजवळील पथदिव्यांना वरून झाकण बसविले, तर प्रकाश रस्त्यावरच पडेल आणि आकाश काळे राहील.