रकान्याचं नाव फंक्शनला द्यायचं कसं?

प्रश्न : धाराशिवच्या आठही तालुक्यांतल्या सोयाबीन उत्पादनावर पाऊस, पेरणीची तारीख यांचा परिणाम ‘आर’मध्ये तपासतोय. सगळ्या रकान्यांसाठी एकच फंक्शन लिहिलं. पण ‘पाऊस’ हे नाव दिलं की ‘चलांची लांबी जुळत नाही’ असा संदेश येतो. माहितीच चुकली का?
– एक वाचक, कळंब

उत्तर : माहितीला दोष देऊ नका. तुम्ही फंक्शनला दिलेलं नाव ‘स्तंभ’मध्ये घेऊन सूत्रात ‘उत्पादन ~ स्तंभ’ लिहिलं असणार. आर अक्षरशः ‘स्तंभ’ नावाचा रकाना शोधतो. तक्त्यात तो नसला की फंक्शनमधला ‘स्तंभ’ उचलतो. त्यात असतो ‘पाऊस’ हा एकुलता शब्द. उत्पादनाच्या एवढ्या नोंदींशी त्याची लांबी जुळणार कशी?

सूत्र आधी बांधून घ्या. ‘रिफॉर्म्युलेट’ला रकान्याचं नाव आणि ‘उत्पादन’ द्या, तयार सूत्र प्रतिगमनाच्या ‘एलएम’ फंक्शनकडे सोपवा. ‘पेस्ट’ आणि ‘अ‍ॅज डॉट फॉर्म्युला’ यांनीही भागतं, पण पहिलं सुटसुटीत. ‘डीप्लायर’ पॅकेजचे दुहेरी महिरपी कंस इथे चालत नाहीत. नावात मोकळी जागा असेल, तर ते बॅकटिकमध्ये घाला.

खरी भीती वेगळीच. तक्त्यात चुकून ‘स्तंभ’ नावाचाच रकाना असला, तर त्रुटी येतच नाही. दरवेळी त्याच रकान्याचं उत्तर मुकाट्यानं हाती पडतं. म्हणून निकालात गुणांकासमोरचं नाव वाचून घ्या.